गेवराईत दुसऱ्या ब्राउझरची परीक्षा

ब्राउझरची नवी आवृत्ती आली की तिची परीक्षा बहुधा वेगावर होते. पान किती मिलिसेकंदांत उघडलं, मेमरी किती खाल्ली, बॅटरी किती टिकली. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या गेवराईत या आकड्यांचं फारसं काही होत नाही. इथं इंटरनेटवरचं महत्त्वाचं काम म्हणजे पीक विम्याचा अर्ज, पीएम-किसानची केवायसी, सातबारा, फार्मर आयडी, शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि परीक्षेचं हॉलतिकीट. ही कामं ज्याच्यात पार पडतात तो ब्राउझर चांगला. ओटीपी टाकल्यावर ज्याच्यात पांढरं पान येतं तो वाईट, मग चूक खरी कोणाचीही असो.

म्हणून फायरफॉक्सची नवी आवृत्ती वापरायला घेतली आणि तिच्या शेजारी ब्रेव्ह, विवाल्डी, उला हे पर्याय ठेवले, तेव्हा मी त्यांना याच कामांना जुंपलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. तालुक्याच्या गावात दुसरा ब्राउझर टिकणार की नाही हे दोघेजण ठरवतात: फोनमध्ये काय भरून द्यायचं ते ठरवणारी कंपनी, आणि सरकारी पोर्टल बांधणारा ठेकेदार. वापरणाऱ्याच्या हाती निवड येते ती या दोघांनी काही शिल्लक ठेवलं तरच. आणि तरीही दुसरा ब्राउझर इथं असणं फार गरजेचं आहे.

इथला वापरणारा कायम एकाच ब्राउझरला चिकटून राहिला असं मुळीच नाही. स्मार्टफोन येण्याआधी नोकियाच्या बटणांच्या फोनवर ओपेरा मिनी होता. नॉर्वेच्या कंपनीचा हा ब्राउझर २००६ च्या जानेवारीत जगभर खुला झाला. तो पान थेट फोनवर आणत नसे. आधी ते कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथं पिळून लहान करायचं आणि मग फोनकडे पाठवायचं. टू-जीचा पॅक केबीच्या हिशेबानं संपायचा त्या काळात याची किंमत मोठी होती. अडचण देवनागरीची होती. अनेक फोनांत मराठी अक्षरं म्हणजे नुसते चौकोन. त्यावर एक तोडगा तोंडोतोंडी पसरला होता: पत्त्याच्या जागी ‘ओपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं आणि गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय ‘यस’ करायचा. मग सर्व्हर अक्षरांची चित्रं काढून पाठवायचा. ती कॉपी करता येत नसत, पण वाचता येत. फोन बनवणाऱ्यांनी जे दिलं नव्हतं ते एका ब्राउझरनं दिलं, आणि मराठी वाचणाऱ्या पुष्कळांची इंटरनेटशी पहिली ओळख त्या चित्रांतून झाली. पर्यायी ब्राउझर का असावा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर यूसी ब्राउझर आला आणि २०१५-१६ च्या सुमारास भारतातल्या मोबाइलवर तो सगळ्यांच्या पुढे होता. डेटा वाचवायचा, अर्धवट राहिलेलं डाउनलोड पुढे चालू करायचा, क्रिकेटचा स्कोअर समोरच ठेवायचा. टोरांटोच्या सिटिझन लॅबने २०१५ मध्येच दाखवलं होतं की तो वापरणाऱ्याची माहिती नीट न झाकता बाहेर पाठवतो. गावातल्या कोणाला ते कळण्याचा मार्ग नव्हता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यांत यूसी होता. खरं तर त्याचा पाया त्याआधीच खचला होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, आणि डेटा वाचवणाऱ्या ब्राउझरची गरजच उरली नाही. मैदान मोकळं झालं आणि अँड्रॉइडसोबत आपोआप येणारा क्रोम तिथं बसला. तो चांगला होता यात वाद नाही, पण इथल्या बहुतेकांनी तो निवडला नाही. तो फोनमध्ये होता.

याच काळातली एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मोझिलाने भारतात फायरफॉक्स ओएसचे फोन आणले. इंटेक्सचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना होता. तो प्रयोग फसला आणि मोझिलाने हात काढून घेतला. पण ते काम खुलं होतं, त्यामुळे त्याच पायावर कायओएस उभी राहिली आणि २०१७ मध्ये ती जिओफोनमध्ये बसली. पंधराशे रुपये अनामत भरून मिळणारा तो फोन लाखो घरांत गेला, आणि त्याच्या पोटात चालणारं इंजिन गेको होतं, म्हणजे फायरफॉक्सचंच. फायरफॉक्सचं नावही न ऐकलेली माणसं वर्षानुवर्षं त्याच्या इंजिनावर व्हिडिओ बघत होती. मात्र ते गेको २०१६ सालचं होतं आणि तिथंच अडकलं. नव्या पद्धतीनं बांधलेली पानं त्यात मोडायला लागली. इंजिन वेळेवर अद्ययावत न होणं म्हणजे काय, हे जिओफोनवाल्यांनी सोसलं आहे.

इथं इंजिनाचा मुद्दा थोडा उलगडायला हवा, कारण नव्या आवृत्त्यांची जाहिरात तो झाकते. ब्राउझरचं बाहेरचं रूप म्हणजे बटणं, टॅब, रंग. आत असतं ते इंजिन. पानाचा मजकूर घेऊन कोणतं अक्षर कुठं आणि कसं उमटेल, बटण दाबल्यावर काय होईल, हे तेच ठरवतं. आज मोठ्या वापरातली इंजिनं तीन: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. ओपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडून गूगलच्या क्रोमियमचा रस्ता धरला. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एजसाठी तेच केलं. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगचा ब्राउझर, जिओचा, झोहोचा उला, हे सारे क्रोमियमवरच, म्हणजे ब्लिंक इंजिनावरच, उभे आहेत. भारतात दहातले साडेआठ-नऊ जण क्रोम वापरतात असं स्टॅटकाउंटरचे आकडे दाखवतात. त्यात हे बाकीचे मिळवले की ब्लिंकबाहेर उरतं ते फार थोडं. म्हणून मी या परीक्षेत फायरफॉक्सला जास्त वेळ दिला. बाकीच्यांचं वेगळेपण खरं आहे, काहींचं उपयोगीही आहे, पण ते इंजिनाच्या वरच्या थरातलं आहे.

आता नव्या आवृत्त्यांत मिळालं काय? मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्समध्ये टॅब उभे लावता येतात, आणि त्याच वसंतात टॅबचे गट करायची सोय आली. शहरातल्या परीक्षकांनी यावर दोन ओळी लिहून सोडून दिल्या. सेवा केंद्रात बसलेल्या माणसासाठी मात्र हे मोठं काम आहे. विम्याची शेवटची तारीख जवळ आली की एकेका ऑपरेटरपुढे कितीतरी शेतकऱ्यांचे अर्ज अर्धवट उघडे असतात: एकाचा ओटीपी यायचाय, दुसऱ्याचं पासबुक स्कॅन व्हायचंय, तिसऱ्याचा मोबाइल घरी राहिलाय. आडव्या पट्टीत टॅब आक्रसून त्यांची नावं दिसेनाशी होतात. उभ्या पट्टीत ती वाचता येतात. लहान पडद्याच्या जुन्या मॉनिटरवर पट्टी थोडी जागा खाते, पण ती आत सरकवता येते.

याहून मोठी सोय जुनीच आहे, आणि तिची माहिती इथं फार थोड्यांना आहे. मोझिलाचं ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ हे विस्तारक घेतलं की प्रत्येक टॅबचं लॉगिन वेगळं ठेवता येतं. एकाच पोर्टलवर एकाच वेळी चौघांची खाती उघडी, आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये सांडत नाही. क्रोमियमवाल्या ब्राउझरांत यासाठी वेगवेगळी प्रोफाइलं करून वेगवेगळ्या खिडक्या उघडाव्या लागतात. ऑनलाइन कामाच्या दुकानात एक शेतकरी लॉगआउट करून दुसऱ्याला आत घेण्यात जो वेळ जातो, तो हे विस्तारक वाचवतं. फायरफॉक्सबद्दल फक्त एक गोष्ट सांगायची झाली तर मी दुकानदाराला हीच सांगेन.

दुकानाचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो कोणत्याही ब्राउझरला लागू आहे. फॉर्म भरताना टाइप केलेलं ब्राउझर लक्षात ठेवतो. पुढच्या माणसाचा फॉर्म भरताना आधीच्याचा आधार क्रमांक, मोबाइल, बँकेचं खातं खाली सुचवणीत दिसतं. हे रोज घडतं आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. फायरफॉक्सच्या गोपनीयता सेटिंगमध्ये फॉर्मचा इतिहास कायमचा बंद करता येतो आणि ब्राउझर बंद होताच बाकीचंही पुसलं जाईल असं ठरवता येतं. क्रोममध्येही ऑटोफिल बंद करता येतो. दुसऱ्यांच्या कागदपत्रांवर ज्यांचं पोट आहे त्यांनी हे आजच करावं, ब्राउझर कोणताही असो. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये साचलेल्या पीडीएफचंही तेच.

जुन्या कॉम्प्युटरांचा विषय इथं टाळता येत नाही. विंडोज ७ वर चालणारी यंत्रं अजूनही दुकानांत दिसतात. ती बदलायला पैसे लागतात आणि ती बंद पडलेली नाहीत. क्रोमने विंडोज ७ ला फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडलं. त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. फायरफॉक्सने ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती अशा यंत्रांसाठी ठेवली आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत पुनःपुन्हा वाढवली. अशा यंत्रावर बँकेचं काम करू नये हेच खरं, पण जो करतोच आहे त्याला थिजलेल्या ब्राउझरपेक्षा दुरुस्त्या मिळालेला ब्राउझर हजारपट बरा.

मोबाइलवर चित्र थोडं बदलतं. अँड्रॉइडच्या आत क्रोमियमचा वेबव्ह्यू, म्हणजे ॲपमध्ये वेबपानं दाखवणारा भाग, आधीपासून असतो, त्यामुळे क्रोमला घरचा फायदा मिळतो. फायरफॉक्स आपलं संपूर्ण इंजिन सोबत घेऊन येतो; दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर हा भार लागतो, आणि तो लागणारच. त्याच्या बदल्यात मिळतात विस्तारकं. डिसेंबर २०२३ पासून फायरफॉक्सच्या अँड्रॉइड आवृत्तीत शेकडो विस्तारकं खुली झाली, त्यांत जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिनही आहे. नोकरीच्या जाहिराती आणि निकाल दाखवणारी पानं आठवा: ‘डाउनलोड’ लिहिलेली पाच हिरवी बटणं, त्यांतलं खरं एकच. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना या खोट्या बटणांचा जो जाच होतो, तो या एका विस्तारकानं बराचसा थांबतो. ब्रेव्हमध्ये हीच सोय आतच बसवलेली आहे, काहीही न करता. हलक्या फोनवर मी ब्रेव्हच सुचवेन. कॉम्प्युटरवरच्या क्रोमने मात्र विस्तारकांचे नियम बदलून यूब्लॉक ओरिजिनचं मूळ रूप बाहेर काढलं.

आता पोर्टलांकडे येऊ. इथंच दुसऱ्या ब्राउझरचं घोडं अडतं. एका सरकारी सेवेच्या पोर्टलवर फायरफॉक्समधून तारीख निवडायचा चौकोनच उघडेना. तेच पान क्रोममध्ये ठीक चाललं. दुकानदार म्हणाला, ‘सर, ते क्रोममधूनच भरा, नादी लागू नका.’ त्याचं बरोबर होतं. त्याच्या मागे रांग होती. पण पोर्टल एकाच ब्राउझरसाठी बांधायचा हा रोग जुना आहे आणि पूर्वी त्याचं नाव वेगळं होतं. पंधरा वर्षांपूर्वी सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावं असं लिहिलेलं असायचं. ई-निविदेसाठी जावा लागायचं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावाची ती जुनी वाट बंद केली, तेव्हा ग्रामपंचायतीपासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांची तारांबळ उडाली. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररच निवृत्त केला. एका ब्राउझरला बांधलेली यंत्रणा तो ब्राउझर गेला की उघडी पडते, हा धडा आपण एकदा पैसे मोजून घेतला आहे. केंद्राची सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. संकेतस्थळ निरनिराळ्या ब्राउझरांवर तपासून घ्यावं असं त्यांत सांगितलेलं आहे. निविदेत ही अट घालायला आणि काम ताब्यात घेताना ती तपासायला वेगळा कायदा लागत नाही.

अंगठ्याच्या मशिनचंही असंच. बायोमेट्रिक केवायसीत मशिनचं आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर चालतं आणि पोर्टलचं पान ब्राउझरमार्फत त्याच्याशी बोलतं. बाहेरच्या संकेतस्थळानं तुमच्या यंत्रातल्या सॉफ्टवेअरशी बोलावं की नाही, याबद्दल सगळेच ब्राउझर आता कडक होत आहेत, आणि ते योग्य आहे. समोरची बाजू खरी असल्याची खात्री देणाऱ्या प्रमाणपत्रांची यादी फायरफॉक्स स्वतःची ठेवतो, त्यामुळे तिथं परवानगी वेगळी द्यावी लागू शकते. दुकानदाराला हे सांगणारं मराठी पत्रक कुठंही लावलेलं दिसत नाही.

प्रमाणपत्रांवरून स्वदेशी ब्राउझरकडे जाता येतं. बंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्सने २०१० मध्ये फायरफॉक्सवर आधारलेला एपिक काढला होता, भारतीय भाषांच्या सोयींसह. पुढे तोही क्रोमियमकडे वळला. जिओने २०२० मध्ये जिओपेजेस आणला, मराठीसह. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली, एकूण बक्षिसं ३.४१ कोटींची. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि उलासाठी झोहोला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. स्पर्धेची ठळक अट अशी की भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचं, म्हणजे सीसीएचं, मूळ प्रमाणपत्र ब्राउझरच्या विश्वासू यादीत असावं.

गेवराईतल्या वाचकाला ही अट दूरची वाटेल, पण तिचा परिणाम त्यानं पाहिलेला आहे. ई-आधारची पीडीएफ उघडल्यावर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह येतं ना, ते याच कारणानं: सही सीसीएच्या साखळीतली असते आणि पीडीएफ उघडणारं सॉफ्टवेअर त्या साखळीला आपणहून ओळखत नाही. तेव्हा अट रास्त आहे. मात्र तिला दुसरी बाजू आहे. जुलै २०१४ मध्ये सीसीएच्या साखळीतल्या एनआयसीच्या प्रमाणन संस्थेकडून गूगल आणि याहूच्या नावाची खोटी प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. अशा प्रमाणपत्राच्या जोरावर कोणीही मध्ये बसून दुसऱ्याचं टपाल वाचू शकतो. फायरफॉक्सच्या यादीत ती साखळी नव्हतीच, त्यामुळे त्याचे वापरकर्ते वाचले. क्रोमने नंतर ती मोजक्या डोमेनांपुरती मर्यादित केली. स्वदेशी ब्राउझरने सीसीएला जागा द्यावी, पण प्रमाणपत्र कोणाला का दिलं याची उघड नोंद आणि बाहेरच्यांकडून तपासणी त्यासोबत यायला हवी. उला मला नीटनेटका वाटला. कामाचं, घरचं, मुलांचं असे वेगळे विभाग चांगले आहेत. इंजिन मात्र ब्लिंकच, आणि स्पर्धेनं त्या प्रश्नाला हात घातला नाही.

मराठीचा हिशेब संमिश्र आहे. एकेकाळी प्रत्येक मराठी वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा असे आणि पान फक्त एक्सप्लोररमध्ये दिसे. तेव्हा फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं विस्तारक होतं, ते असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. आज अक्षरं जुळवण्याचं काम क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही हार्फबझ या एकाच खुल्या साधनानं करतात, त्यामुळे जोडाक्षरं दोन्हीकडे सारखीच नीट येतात. मराठी वळणाचा ल आणि श दिसायचा असेल तर पानानं आपली भाषा मराठी असल्याचं सांगावं लागतं आणि फॉन्टमध्ये ती वळणं असावी लागतात. आपली कित्येक सरकारी पानं ते सांगतच नाहीत. शुद्धलेखन तपासणारं मराठी विस्तारक फायरफॉक्सला मोफत मिळतं. इंग्रजी पानाचं मराठी भाषांतर जागच्या जागी हवं असेल तर क्रोम पुढे आहे, आणि कृषी योजनांच्या अटी इंग्रजीत वाचाव्या लागणाऱ्याला ही सोय थोडीथोडकी नाही.

काही दुखण्यांवर कोणताच ब्राउझर औषध देऊ शकत नाही. २०२३ च्या हिवाळ्यात जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर कुणबी नोंदींचे स्कॅन चढू लागले. गोदावरीपलीकडे अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं, आणि अलीकडे गेवराई तालुक्यात घराघरांत लोक मोबाइलवर आपल्या पणजोबांचं नाव शोधत होते. जड पीडीएफ, आत मोडीतली पानांची चित्रं, शोधण्यासाठी एक अक्षरही नाही. ‘फाइंड’चं बटण तिथं निकामी होतं.

पुढे काय दिसतं? भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड लावला आणि त्या आदेशात मोबाइल ब्राउझरच्या बाजाराचाही विचार केला; अपिलात दंड टिकला, काही निर्देश गळाले. युरोपात मार्च २०२४ पासून फोनवर ब्राउझर निवडायचा पडदा दाखवावा लागतो. भारतात असा पडदा आला तर गेवराईतल्या मोबाइलच्या दुकानात पहिल्यांदाच ‘कोणता घालू?’ हा प्रश्न विचारला जाईल. लेडीबर्ड आणि सर्व्हो ही नवी इंजिनं घडताहेत, पण रोजच्या कामाला ती अजून आलेली नाहीत. एआयचे ब्राउझर २०२५ मध्ये धडाधड आले; ज्या यंत्रावर शंभर जणांचे आधार क्रमांक टाइप होतात तिथं, पानावरचं सगळं वाचणारा मदतनीस मी तरी बसवणार नाही.

फायरफॉक्सची स्वतःची अवस्था काळजी वाटावी अशी आहे. मोझिलाचं बहुतेक उत्पन्न शोधयंत्राच्या करारातून, म्हणजे गूगलकडूनच, येतं. ऑगस्ट २०२० मध्ये तिने सुमारे २५० माणसं कमी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या नव्या अटींच्या भाषेवरून गदारोळ झाला आणि ती भाषा बदलावी लागली. तरीही माझा सल्ला असा: फोनमध्ये क्रोम राहू द्या, शेजारी फायरफॉक्स घाला, आणि वाचन, बातम्या, निकाल, शोध हे सगळं त्यात करा. सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर कंटेनर्ससह तोच मुख्य ठेवा. ज्या पोर्टलवर तो अडेल त्या पानाचं नाव, तारीख आणि पडद्याचं चित्र घेऊन पोर्टलच्या तक्रार विभागाकडे पाठवा. फायरफॉक्सच्या मेनूतही मोडलेलं पान कळवायची सोय आहे, ती मोझिलाकडे जाते.

आणि एक काम अट्टल महाविद्यालयातल्या किंवा कोणत्याही कॉलेजातल्या मुलांना बसल्या जागी करता येईल. फायरफॉक्सचं मराठी रूप पगारी माणसं करत नाहीत, स्वयंसेवक करतात. मोझिलाच्या पोन्टून या संकेतस्थळावर प्रत्येक नव्या आवृत्तीची वाक्यं येऊन पडतात. ज्यांचं मराठी कोणी भरत नाही ती मराठी फायरफॉक्समध्ये इंग्रजीतच दिसतात. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. भाषांच्या यादीत मराठी निवडायची, राहिलेली वाक्यं समोर येतात, आणि तुम्ही सुचवलेलं मराठी दुसऱ्या कोणी तपासून मान्य केलं की पुढच्या आवृत्तीत ते सगळ्यांना दिसतं.